ओळीची अक्का

जगातली सगळी दारं आपल्यासाठीच उघडी ठेवलेली असतात, अशी ठाम समजूत घेऊन जन्माला आलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती म्हणजे आमच्या शेजाऱ्यांची थोरली बहीण. सगळे तिला अक्का म्हणत. नागपूरची राजधानी गेली आणि भोपाळची आली, तेव्हा कचेऱ्यांमागून फायली आल्या, फायलींमागून कारकून आणि कारकुनांमागून त्यांची बिऱ्हाडं. आमच्या नव्या क्वार्टरांच्या ओळीत झाड म्हणून नव्हतं, अंगणात नुसते दगड, आणि नळाला पाणी त्याच्या मर्जीने यायचं. बायका नागपूरच्या आठवणीने डोळे टिपत. अक्का मात्र आल्या दिवशी पदर खोचून ओळीतल्या पहिल्या घरात शिरली, ती संध्याकाळी शेवटच्या घरातून बाहेर पडली. मधल्या प्रत्येक स्वयंपाकघरात तिने झाकण उचलून आत काय शिजतंय ते पाहिलं होतं, आणि निम्म्या ठिकाणी न विचारता मीठही घातलं होतं.

तिचे भाऊ, म्हणजे आमचे शेजारी, कचेरीत सुपरिंटेंडेंट. तिथे ते नुसते खाकरले तरी कारकून टोप्या सावरत. घरी मात्र स्वतःच्या खुर्चीत टेकण्याआधी ते "अक्का, बसू का?" असं विचारत. कारण त्या खुर्चीवर कधी कुणाच्या कुरडयांची परात असे, कधी कुणाचं तान्हं मूल. त्यांनी लग्न केलं नव्हतं. अक्का लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. लग्नाचा विषय निघाला की ते म्हणत, "दोन खोल्या आहेत हो, आणि अक्का एकटीच चार जणींइतकी आहे."

अक्काची हिंदी म्हणजे शेवटी 'है' लावलेली मराठी. एकदा कुणाच्या तरी बाळंतपणाला दवाखान्यात जाताना ती टांगेवाल्या चाचांना ओरडली, "चाचा, टांगा दामटो! मेरा जीव खाली-वर हो रहा है!" चाचा शांतपणे म्हणाले, "खाली तो है ही, आपा. अकेली आप ही तो बैठी हैं." पण टांगा त्यांनी असा पळवला, की बाळाच्या बापाच्या आधी अक्का पोचली.

ओळीच्या टोकाला भंडाऱ्याकडचा एक वायरमन राहायचा. बायको गावीच वारलेली. दुसऱ्या वर्षी तो खांबावरून पडला आणि गेला. मागे तीन मुलं राहिली. दहा वर्षांची सुमन, मधला बाळू आणि जेमतेम चालणारी छबी. पुरुषमंडळी स्मशानातून परतली आणि अंगणात खाली माना घालून बोलू लागली. कुणी अनाथाश्रमाचं नाव काढलं, कुणी म्हणालं, वरच्या साहेबांना अर्ज करू. तोवर अक्काने तिघांना आंघोळी घालून आमच्याकडे पानावर बसवलंसुद्धा होतं.

"अक्का, आधी सांगितलं असतंत तर..." आई चाचरत म्हणाली.

"तुझ्याकडे आज वरण होतं," अक्का म्हणाली. तिच्या लेखी एवढा खुलासा पुरे होता.

मुलं झोपायला अक्काकडे आणि जेवायला अख्ख्या ओळीत, असं मग कुणी न ठरवता ठरून गेलं. कुणाच्या चुलीवर काय आहे हे ती का बघत फिरते, ते आम्हाला तेव्हा समजलं. कुणाच्या जुन्या पडद्याचे फ्रॉक झाले. मागच्या ओळीत फाळणीत घरदार सोडून आलेली एक सिंधी बाई होती, ती रोज दूध पाठवू लागली. सुपरिंटेंडेंटसाहेब बाळूला पाढे शिकवत, आणि त्यांच्या एका फायलीवर छबीने काढलेला हत्ती थेट मोठ्या साहेबांच्या टेबलावर जाऊन आला. शेरा काय पडला ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

सुमन मात्र खेळायला यायची नाही. छबीला कडेवर घेऊन ती उभी असे, आणि मोठी माणसं हलक्या आवाजात बोलू लागली की हळूच जवळ सरके. आपल्याविषयीच बोलताहेत, हे तिला ठाऊक असायचं.

आणि एक दिवस बातमी आली, की मुलांचा काका गावाहून येतोय. मोठीला तेवढी घेऊन जाणार म्हणे.

अक्काने युद्धाची तयारी केली. चाचांना बजावलं, "स्टेशन से सीधा मत आणो. तलाव की तरफ से फिरवो." स्वयंपाकाला चार घरं लावली आणि शेजारणींना आपल्या ओट्यावर ओळीने बसवलं. सकाळपासून ती पुटपुटत होती, म्हणजे भाषण पाठ करत होती. अखेर टांगा आला. "पूरा तालाब दिखा दिया, आपा," चाचा अभिमानाने म्हणाले. मागच्या बाजूने उतरला तो एक हडकुळा, अनवाणी माणूस, काखेत धडुत्याची गाठोडी घेऊन.

त्याला जेवायला वाढलं. दोन घास खाऊन तो म्हणाला, "मोठीले नेतो. कामाची झाली आता. लहान्यांचं काय ते सरकारच पाहन."

अक्का उभी राहिली. "तिघं एका दावणीची लेकरं आहेत. नेशील तर तिघांना ने, ठेवशील तर तिघांना ठेव. एकेकाला तोडून कुणी नेणार नाही!"

तिचं भाषण बरंच मोठं होतं, पण ते तिथेच थांबलं. काकाचा हात ताटात तसाच राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं.

"बाई, माह्या घरी पाच लेकरं हायेत. बायको खाटेवर पडून हाय. एकीले तरी नेलं नाही तर गाव तोंडात शेण घालन, म्हणून आलो. तुमी खरंच ठेवता काय तिघायले?"

 अक्का मटकन खाली बसली आणि म्हणाली, "अरे, मग आधी नाही का सांगायचं! उगीच त्या घोड्याला सगळा तलाव फिरवला. भात घे."

ओट्यावरच्या बायका एकदम हसल्या आणि लगेच पदर डोळ्यांना लावू लागल्या. दारामागे सुमन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत आली, छबीला अक्काच्या मांडीवर ठेवलं आणि आमच्यात लंगडी खेळायला पळाली. पहिल्याच डावात बाद झाली आणि बाद नाहीच म्हणून आमच्याशी कडाकडा भांडली. त्यानंतर काका दर सुगीला नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन यायचा. अक्का त्यालाही रागवायची.

वर्षं गेली. सुमन इंदूरला शाळेत शिकवायला लागली, बाळू कारखान्यात चिकटला. शेवटी छबीचं लग्न झालं आणि ती जबलपूरला गेली. तिला गाडीत बसवून आल्यावर अक्का सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "सुटले गं बाई! सगळी मार्गाला लागली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्याकडे आली. आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच थबकली आणि आईला विचारू लागली, "आज काय करू गं मी?"

 आईने मेथीची जुडी सोडली आणि अर्धी अक्कापुढे सारली. दोघी दुपारपर्यंत एकेक पान खुडत बसल्या.