दोनशे चाळीस ग्रॅमचा चुंबक

भाऊजी,

सोसायटीच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं लिहून द्या, असं संपादक महाशय म्हणाले. 'दिवंगत दीर, एक आदरणीय व्यक्तिमत्त्व' वगैरे मला जमणार नाही, म्हणून तुम्हालाच पत्र लिहिते. छापायचं तर छापू देत. वाचणाऱ्यांसाठी तुम्हाला माहीत असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील. मध्ये तोंड घालू नका.

तुम्ही एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होता. पाच लिटरचं मापाचं भांडं गाडीच्या डिकीत असायचं. पेट्रोल पंपावर ते बाहेर निघालं की तिथल्या माणसांचे चेहरे उतरायचे. माप कायद्याने चालणाऱ्या फरकापेक्षा चमचाभर जरी कमी भरलं तरी तुम्ही पंपाला सील ठोकायचात. लोक तुम्हाला पाठीमागे 'पाच लिटर' म्हणायचे. तुम्हाला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

निवृत्त झालात आणि पेट्रोल वाचवणाऱ्या उपकरणांच्या मागे लागलात. पहिलं आणलंत ते सिगारेट लायटरच्या खोबणीत खोचायचं, हिरवा दिवा लागणारं. माझ्याच जेवणाच्या टेबलावर स्क्रूड्रायव्हरने उघडलंत.

"वहिनी, आत नुसता दिवा आहे हो! लोक कशाला फसतील सांगता येत नाही."

आठ दिवस हसत होता. नवव्या दिवशी चुंबक घेऊन आलात.

"हा पेट्रोलच्या नळीला बांधायचा. आतले रेणू रांगेत उभे राहतात आणि पुरते जळतात."

"पेट्रोल चुंबकाला भीक घालत नाही, भाऊजी. मी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलंय."

"ते तुमचं पुस्तकातलं. खोक्यावर वजन लिहिलंय दोनशे चाळीस ग्रॅम. मी काट्यावर तोललं. बरोब्बर दोनशे चाळीस! वजनात खोटं न बोलणारा माणूस बाकीचं खोटं कशाला बोलेल?"

असा युक्तिवाद तुमच्याशिवाय कोणाला सुचला असता? मी कपाळावर हात मारला. तुमचे थोरले बंधू म्हणाले, "जाऊ दे, निदान गळत तरी नाही."

पण गाडी लिटरला चौदा जायची ती सतरा जायला लागली. वहीत लिहिलेलं, टाकी काठोकाठ भरून मोजलेलं. मग काय, सोसायटीतल्या दहा घरांनी चुंबक बांधले, आणि अकरावा, गाडी शिकवण्याचे वर्ग चालवणाऱ्या एका बाईंनी. त्यांनी तर नदीपलीकडच्या आपल्या दुकानावर पाटीच लावली: 'आमच्या गाड्यांना इंधनबचत चुंबक. वजनमापे निरीक्षकांची खात्री.' दहा घरांत कुणाच्याही गाडीला काडीचा फरक पडला नाही, पण 'पाच लिटर'ना सांगणार कोण? जिन्यात भेटले की सगळे म्हणायचे, "फरक जाणवतो हं!"

मग एक दिवस तुम्ही मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सोडलंत. सीटवर दुधाचं पातेलं ठेवल्यासारखी गाडी चालवत होता. ओव्हरटेक नाही, एसी बंद, सिग्नल दिसला की लांबूनच पाय वर. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून थकला.

"पूर्वी असे चालवायचात?"

"नेहमीसारखाच चालवतोय."

"नेहमी तुम्ही आग लागल्यासारखे चालवता. चुंबक गाडीला नाही, तुमच्या पायाला लागलाय."

तुम्हाला राग आला. पण तपासणी कधीही आगाऊ सांगून करायची नसते, हे मी तुमच्याकडूनच शिकले होते. म्हटलं, सहा टाक्या भरा. दर टाकीला बॉनेटखाली हात घालून चुंबक मी ठेवेन किंवा काढेन. तुम्ही बघायचं नाही, मी सांगायचं नाही. तुम्ही तत्काळ कबूल झालात, आणि बॉनेटला स्वतःच्या हाताने कागदी सील लावायचा हट्टही धरलात. त्या दिवशी तुमच्याबद्दल मला फार बरं वाटलं, हे तेव्हा बोलले नाही.

सहाही वेळा सतराच्या आसपास. तीन वेळा चुंबक होता, तीन वेळा तो माझ्या शिवणाच्या डब्यात होता.

तुम्ही वही बराच वेळ बघितलीत. मग म्हणालात, "म्हणजे खोटं माप मी दिलं."

"चूक झाली, भाऊजी. खोटं वेगळं."

"पंपवालेही हेच म्हणायचे."

दुसऱ्याच दिवशी तुम्ही दारोदार सांगायला निघालात. दहा घरं झाली. दहाही ठिकाणी लोकांनी तुम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि समजूत घातली: तुमचाच चुंबक बिघडला असेल, आमचा छान चाललाय! आधी धाक म्हणून बोलले, आता मूर्ख ठरायला नको म्हणून. दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी तर यापेक्षा जोरदार कुठे मिळेल तेही विचारलं. तुम्ही घरी येऊन म्हणालात, "वहिनी, सील लावणं सोपं होतं हो. काढणं कठीण."

उरली ती पाटी. तिने तुमची झोप उडवली होती. आपल्या नावावर खोटं माप रस्त्यावर टांगलंय, एवढंच घोकत होता. "बाई ऐकणार नाहीत. तुम्ही चला बरोबर, रेणूंचं तुम्ही सांगा. पाटी मी उतरवतो." रविवारी सकाळी स्क्रूड्रायव्हर खिशात घालून तुम्ही खाली हॉर्न वाजवत होता. माझा गुडघा धरला होता. पुढच्या रविवारी पुन्हा हॉर्न वाजला, तेव्हा माझी मैत्रीण यायची होती. मी गॅलरीतून ओरडले, "पाटी कुठे पळून जातेय?"

त्यानंतरच्या बुधवारी तुम्हीच कायमचे गेलात.

मागच्या महिन्यात बस नेमकी त्या दुकानासमोर थांबली. पाटी नव्याने रंगवलीय, 'खात्री' लाल रंगात. तुमचा स्क्रूड्रायव्हर माझ्या पर्समध्ये होता. तुमच्या सुनेने दिल्यापासून तिथेच आहे. सिग्नल चांगला लांबला होता. मी उतरले नाही.