आधी खोलून दाखवा

"घ्या पाना. खोला."

गिऱ्हाईक शेडमध्ये आलं की मिस्त्रींचं हे पहिलं वाक्य. चहापाणी मागाहून. अकोल्याच्या एमआयडीसीत ते बचतगटांसाठी छोट्या डाळमिली बनवत. गावातल्या तुरीची गावातच डाळ व्हावी, एवढंच ते यंत्र. पण घ्यायला आलेल्या बाईनं स्वतःच्या हातानं पट्टा काढून पुन्हा चढवला, चाळणी बदलली, तरच ते मिळायचं. नाही जमलं तर, "उद्या या. मशीन काई कुठं पयून नाई चालली."

मी अमरावतीत लघुउद्योजकांना 'शाश्वत वाढ' शिकवतो. दर महिन्याला तेच तक्ते, तेच वर चढणारे बाण. अशा वर्गांना तुम्ही बसला असाल तर जांभई आवरायचा सराव तुम्हाला असेलच. मला हल्ली शिकवताना येते. मिस्त्रींनी माझ्या वर्गात दोन दिवस सगळं वहीत उतरवून घेतलं आणि शेवटी एकच विचारलं, "सर, हे बराबर हाये. पन मशीन बंद पडली तं जाईन कोन?"

मी काहीतरी उत्तर दिलं होतं. काय, ते आठवत नाही.

एकदा त्यांच्या शेडमध्ये गेलो, तर दर्यापूरकडच्या एक आजीबाई पदर खोचून पट्टा चढवत होत्या. तिसऱ्यांदा निसटला तशा वैतागल्या. "येवढं शिकाचं असतं तं मीच कारखाना नसता काढला?"

"मंग काढा ना," मिस्त्री म्हणाले. "मी येतो तुमच्या इथं कामाले."

चौथ्यांदा पट्टा बसला. बाईंनी तेलकट हात मिस्त्रींच्याच फडक्याला पुसले आणि पुढच्या वर्षी बहिणीच्या गावचा गट घेऊन आल्या. मिस्त्रींचा धंदा असाच वाढला, एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे. मला मात्र ते वाढणं वाटत नव्हतं.

मग गावोगावच्या गटांना यंत्रं पोचवणाऱ्या एका पुरवठादाराची मागणी आली. साठ डाळमिली एकदम, थेट त्याच्या गोदामात. पुढे कुठल्या गावी जायच्या ते त्याचं तो बघणार. मिस्त्री चार दिवस घुटमळले. "ज्याईले चालवाची हाये त्या बाया येतीन का इथं?" मी त्यांना समजावलं. अशी संधी पुन्हा येत नाही, मोठं व्हायचं तर काही सवयी सोडाव्या लागतात, वगैरे. मी बोलतो छान.

"तुमी म्हनता तं घेतो," ते म्हणाले.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. यंत्रं चांगली होती, पण पट्टा निसटला की ती बंदच. खोलायची कुणाला हिंमत होईना. वर्षभरात 'अकोल्याची मशीन बोगस' असं सगळीकडे झालं आणि शेडकडे येणारी वाट ओस पडली. धंदा बसण्यापेक्षा मिस्त्रींना ते नाव जास्त झोंबलं. पुरवठादाराच्या मागे लागून त्यांनी गावांची यादी मिळवली आणि एसटीनं एकेक गाव घेऊ लागले. दुरुस्ती स्वतः करायचे नाहीत, बायांच्या हातूनच करून घ्यायचे. वय साठीपुढचं, गुडघे कुरकुरत होते. मी म्हटलं, कामगाराला पाठवा.

"मशीनवर नाव माह्यं हाये, सर. दुसऱ्याले काहाले पाठवू?"

मला त्यांनी कधी बोल लावला नाही. लावला असता तर मला बरं वाटलं असतं.

मार्चमध्ये एका सकाळी स्टँडवर निघताना छातीत कळ आली आणि ते गेले. यादीतली एकोणीस गावं राहिली होती.

पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलीला भेटायला गेलो. बोलता बोलता मिस्त्रींचा फोन वाजला. तिला उचलवेना, म्हणून मी घेतला. मोझरीकडच्या एका गावातून बाई बोलत होती.

"मिस्त्री भाऊ येनार होते आज. समाजमंदिरात आमी सगळ्या वाट पाऊन राहिलो."

ते गेल्याचं मी सांगितलं. तिनं ते जमलेल्या बायांना सांगितलं. मग तिनं विचारलं, "तुमी कोन?"

"मी त्यांना शिकवायचो," माझ्या तोंडून गेलं.

"मंग तुमी या," ती म्हणाली. "आमी थांबतो."

मला साधा पट्टा चढवता येत नाही, हे सांगायचा धीर झाला नाही. येतो म्हणालो. आता पुढच्या हंगामाची नवी तूर घरोघरी आली आहे. मी अजून गेलेलो नाही.