पोटावर मार्का असलेला बैल

आमच्या हॉलमधल्या शोकेसचा मधला खण दोन वर्षं रिकामा होता. पाहुणे विचारायचे, इथे टीव्ही बसवायचा आहे काय? मी सांगायची, नाही, इथे बैल येणार आहे. मग पाहुणे चहा जरा लवकर संपवायचे.

बैल म्हणजे लाकडी. आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा भरतो, तान्हा पोळा. खऱ्या बैलांचा मान आदल्या दिवशी होऊन जातो. दुसऱ्या दिवशी लहान पोरं आपले चाकांचे लाकडी बैल सजवतात, तोरणाखाली रांगेत उभे करतात, आणि मग दोरीनं ओढत घरोघरी नेतात. लोक पोरांच्या हातावर खाऊ नाहीतर एखादं नाणं ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात.

माझा बैल माझ्या बापानं केला होता. बाप चंद्रपूरला आरा मशीनवर हमाल होता, अंगठा लावून पगार घेणारा. आम्ही दोघी बहिणीच. मोहल्ल्यात कोणीतरी बोललं, पोरीच्या जातीले बैल कायले पाह्यजे? मालकाला विचारून बापानं सागवानाचा एक ठोकळा आणला आणि रोज संध्याकाळी दारात बसून तासला. बाप सुतार नव्हता. बैल पुढून बैल झाला, मागून रानडुक्कर झाला. ठोकळा अख्खाच वापरल्यामुळे वजन असं की मला एकटीला तो जागचा हलत नसे. म्हणून शेजारची तीन पोरं जोडीला घ्यावी लागली. दोघं दोरी ओढायचे, दोघं मागून ढकलायचे. आमची दोस्ती स्वभाव जुळले म्हणून झाली नाही, बैल जड होता म्हणून झाली.

आणखी एक गोष्ट बापानं केली होती. जंगलात झाड तोडलं की सरकारी लोक लाकडावर हातोड्यानं मार्का मारतात. हा माल चोरीचा नाही याची ती खूण. बापानं ठोकळ्यावरचा तो मार्का तासून काढला नाही, बैलाच्या पोटावर राहू दिला. आमच्या भागात सागवानाची भीती वाघापेक्षा जास्त. वाघ एकदा येऊन जातो, चौकशी येतच राहते. बाप मला सांगायचा, "कोणी विचारलं तं उलटा करून दाखवजो. आपण कोणाच्या बापाले भीत नाई." त्यामुळे घरी पाहुणा आला की पाण्याच्या आधी मी त्याला बैलाचं पोट दाखवायची.

पुढे बाप गावाकडे नागभीडला परतला, तेव्हा सामानाच्या गाडीत बैलाला जागा झाली नाही. तो शेजारी ठेवला. मी नागपूरला शिकायला गेले आणि बी.ए. झाले. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी दर दोन वाक्यांनंतर सांगते असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे. सांगते. आपल्या बळावर मिळवलं ते सांगायला लाज कसली? सरकारी नोकरी लागली, घर झालं, शोकेस झाली. बाप गेला. त्याचा धड एक फोटोही नाही, रेशनकार्डावरचा तेवढा, त्यातही तो कोणावर तरी चिडलेला दिसतो. त्याच्या हातची म्हणावी अशी एकच वस्तू जगात होती, आणि ती माझ्याकडे नव्हती.

ती कुठे आहे हे व्हॉट्सॅपमुळे कळलं. आमच्या चौघांतला एक एसटीत कंडक्टर झाला. त्यानं सगळ्यांचे नंबर हुडकून ग्रुप केला. ग्रुपवर सकाळी फुलं यायची, दुपारी मोहल्ल्यामागे बिबट्या दिसल्याची बातमी यायची आणि संध्याकाळी तो बिबट्या नव्हता, कुत्रा होता, असा खुलासा यायचा. महिनाभर मी शिष्टाचार पाळला. मग विचारलं, "माझा बैल कुठी आहे?"

मोहल्ल्यातच राहिलेल्या मित्राचं उत्तर आलं. त्याचं पंक्चरचं दुकान आहे. त्यानं लिहिलं, "आहे ना. मजेत आहे."

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सगळ्यांनी जुन्या मोहल्ल्यात भेटायचं ठरलं. बाकीचे भेटायला येत होते. मी बैल न्यायला जात होते. निघताना आमचे हे म्हणाले, "बैल मिळेल न मिळेल, भांडण मात्र नक्की मिळेल."

मोहल्ला ओळखू आला नाही. आम्ही होतो तेव्हा तो शहराच्या शेपटाला होता, पुढे झुडपं आणि नाला. आता शहर त्याच्याही पुढे निघून गेलं आहे. नाल्यावर सिमेंट, सिमेंटवर मोबाईलची दुकानं. कोळशाची धूळ तेवढी तीच. वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी करडा होऊनच घरात जातो. दारोदारी पळसाच्या डहाळ्या लावलेल्या होत्या, त्या पाहून गाडी बरोबर ठिकाणी लागली.

कंडक्टर आधीच आला होता. त्याचं पोट पुढे आलं आहे, आवाज तोच. "ये वं नागपूरवाली! पुढे सरका, पुढे जागा आहे!" रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. मग गोंडपिपरीला दिलेली मैत्रीण आली, काखेत तांदळाची थैली. तिच्या घरी धानाची शेती. भेटल्याबरोबर तिनं मला आपादमस्तक पाहिलं.

"काय वं, लय वाळली. बी.ए.वाल्याइले जेवू नाई घालत काय?"

"डाएट करून राह्यली," मी म्हटलं.

"आमच्याकडं त्याले उपास म्हणते, आन् तो एका दिवसाचा रायते."

दुकानात पंक्चरवाला माझी वाटच पाहत होता. त्यानं बैलावरची गोधडी बाजूला केली. लोक लिहितात की लहानपणीची वस्तू मोठेपणी पाहिली की ती फार लहान वाटते. आमचा बैल मोठा झाला होता. पंक्चरवाल्यानं त्याला लहान पोराच्या सायकलची रबरी चाकं बसवली होती, आत बेरिंग. दरवर्षी ऑइलपेंटचा एक हात. डोळ्यांच्या जागी सायकलचे लाल रिफ्लेक्टर. शिंगांना रेडियमच्या पट्ट्या. शेपटीला ट्रकच्या मागे लटकवतात तसा काळा गोंडा.

"हे काय करून ठेवलं बे माझ्या बैलाचं?"

"तुह्या बैलाचं?" तो शांतपणे म्हणाला. "पोसला कोणं? आता मानाचा बैल आहे तो. तोरणाखाली पह्यला हाच जाते. याच्यानंतर बाकीचे."

मग मी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. मी हा बैल न्यायला आले आहे. बापाच्या हातचा आहे. शोकेसमध्ये जागा करून ठेवली आहे.

पंक्चरवाला फडक्यानं बैलाची शिंगं पुसू लागला. मैत्रिणीनं तांदळाची थैली उगीच या हातातून त्या हातात घेतली. शेवटी कंडक्टरनं घसा साफ केला.

"ने ना. तुहाच आहे. पण सागवान आहे हे. फॉरेस्टच्या नाक्यावर गाडी थांबवली तं टीपी दाखवा लागन."

टीपी म्हणजे लाकूड वाहून नेण्याचा परवाना. दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यातल्या बाईनं हे हसण्यावारी नेलं असतं. मला ते जमलं नाही. मी सरकारी नोकर. सागवान, तेही गाडीत, तेही दुसऱ्या जिल्ह्यात. बापाचा आवाज कानात घुमायला लागला.

"मार्का आहे ना पोटावर," मी म्हटलं.

बैल उलटा केला. पोटावर ऑइलपेंट इतक्या वर्षांचं की हात फिरवला तर काचेसारखं गुळगुळीत लागलं. मार्का कुठेच नव्हता.

"झालं," मैत्रीण म्हणाली. "पेन्शन गेली तुही."

"खेळण्याले कोण पकडते?" असं मी म्हटलं खरं, पण माझ्या बोलण्यात दम नव्हता, आणि त्या तिघांना तो नसल्याचं बरोबर कळलं. कंडक्टरनं लगेच तीन गोष्टी सांगितल्या. कोणाचा तरी पलंग पकडला होता, कोणाचं पोळपाट, आणि एकाची तर कुबडी. कुबडीची गोष्ट ऐकून मी ठरवलं की आता नाक्यावर जाऊन सरळ विचारायचं. आपण कोणाच्या बापाला भीत नाही. भिणारी माणसंच असं म्हणतात, हे मला आत्ता लिहिताना कळतं आहे.

चौघं माझ्या गाडीत बसलो. बैल मागच्या सीटवर मधोमध, त्याला सीटबेल्ट. एका बाजूला मैत्रीण, दुसऱ्या बाजूला पंक्चरवाला, आणि प्रत्येक गतिरोधकावर पंक्चरवाला बैलाचं तोंड हातानं धरून ठेवायचा. मोहल्ल्यातल्या बायका दारात येऊन पाहत होत्या. मानाचा बैल पोळ्याच्या दिवशी कारमध्ये बसून गावाबाहेर चालला होता.

नाक्यावर वनरक्षक भजी खात होता. तरुण पोरगा, शर्टाची वरची बटणं उघडी. मी खाली उतरून आधी माझं पद सांगितलं, मग शिक्षण, मग बैल.

"म्याडम," तो भजं खाली ठेवून म्हणाला, "तुम्ही स्वतःहून माल दाखवाले आल्या?"

"हो."

"इतक्या दिवसांच्या नोकरीत असं कोणी नाई केलं."

त्यानं बैल खाली उतरवून घेतला, उलटा केला, बोटानं ठोकला. मी म्हटलं, मार्का आहे, रंगाखाली आहे. खरवडून दाखवू काय? तो म्हणाला, गरज नाही. मी म्हटलं, नाही, दाखवते. बापानं शिकवलेलं असं सुटत नाही. पंक्चरवाल्यानं खिशातून कानस काढली. पोळ्याच्या दिवशीही त्याच्या खिशात कानस असते. तो मुकाट्यानं खरवडायला बसला. हिरवा रंग निघाला, मग पिवळा, मग लाल, मग पुन्हा हिरवा. तो प्रत्येक रंगाला ओळखत होता. "हा माह्या लग्नाच्या वर्षीचा. हा पोरगी झाली तवाचा."

खाली लाकूड लागलं. आणि लाकडात अर्धा गोल, त्यात अर्ध्या अक्षराचा ठसा. बाकी अर्धा बैलाच्या पायाबरोबर तासला गेला होता. त्याच्या कडेनं बापाच्या छिन्नीचे घाव स्पष्ट दिसत होते, ओबडधोबड, एकही सरळ नाही. मार्का वाचवताना त्याची छिन्नी किती वेळा घसरली असेल ते त्या लाकडावर अजून दिसत होतं.

मी बोट फिरवलं. मैत्रीण गप्प झाली, ही घटना ग्रुपवर टाकण्यासारखी होती.

"कोणं केला?" वनरक्षकानं विचारलं.

"बापानं."

"मागून डुक्कर वाटते," तो म्हणाला.

"वाटतेच," आम्ही चौघंही एकदम म्हणालो.

"घेऊन जा म्याडम. खेळणं आहे हे. कोणी नाई अडवत."

आम्ही परत निघालो. माझा रस्ता मोकळा झाला होता आणि त्या तिघांचं हत्यार संपलं होतं. कंडक्टर खिडकीबाहेर पाहत होता. कुबडीची गोष्ट त्यानं तिथल्या तिथे रचली होती, हे त्याच्या मानेवरूनच कळत होतं.

मोहल्ल्यात शिरलो तर तोरण बांधून झालेलं. सगळी पोरं आपापले बैल घेऊन रांगेत उभी, आणि रांगेची पहिली जागा रिकामी. मानाच्या बैलाशिवाय रांग हलणार कशी? एक पोरगी, जेमतेम कमरेएवढी, हातात प्लास्टिकचा बैल, माझ्यावर ओरडली, "ओ बाई, कुठी नेला होता? आम्ही कवाचे उभे आहो!"

पंक्चरवाल्यानं बैल उतरवला, चाकांत तेलाचे दोन थेंब सोडले आणि दोरी माझ्या हातात दिली. "धर. न्याचा आहे तं आधी तोरणाखालून ने."

मी सिल्कची साडी नेसले होते. बेरिंगमुळे बैल आता असा पळत होता की ओढायची गरजच नव्हती, उलट तोच मागून येऊन टाचेला लागत होता. तरीही सवयीनं मैत्रिणीनं दोरीला हात घातला आणि ते दोघं मागून ढकलायला लागले. ढकलल्यामुळे मी जवळजवळ धावत तोरणाखालून गेले. मैत्रीण तिथेच झडती, म्हणजे पोळ्याला म्हणतात तसं दोन ओळींचं गाणं, रचून ओरडली:

"सागवानाचा बैल त्याले रबराची चाकं,
नागपूरवाली आली तिचं आभाळात नाक!"

पोरांनी "हर बोला हर हर महादेव" केलं. मग आम्ही घरोघरी गेलो. प्रत्येक घरी माझ्या हातावर काहीतरी ठेवलं. एका म्हाताऱ्या बाईनं गोळ्यांचा पुडा दिला आणि विचारलं, "कोणाची वं तू?" मी बापाचं नाव सांगितलं. बी.ए. सांगायचं राहून गेलं.

संध्याकाळी बैल डिकीत ठेवला. हो, मी नेला. बैल माझ्या बापाचा आहे. पण पंक्चरवाल्यानं डिकी लावू दिली नाही. आधी त्यानं तेलाची बाटली बैलाच्या पायाशी टेकवली. मग म्हणाला, "दर पोळ्याले आणून उभा करशीन?"

"करीन."

"रंग मी मारीन. पोट सोडून."

"पोट सोडून," मी म्हटलं.

बैल शोकेसमध्ये मावला नाही. शिंगं आडवी आली. तो आता चपलांच्या स्टँडजवळ उभा असतो, आणि धक्का लागला की रात्रीबेरात्री स्वतःच स्वयंपाकघरापर्यंत जातो. आमच्या ह्यांचा अंगठा दोनदा सुजला. शोकेसच्या खणात तेलाची बाटली ठेवली आहे. ग्रुपवर आता फुलं येत नाहीत. पंक्चरवाला विचारतो, चाक आवाज करते काय? मैत्रीण विचारते, तुझ्या सुनेनं त्याच्यावर कपडे तर वाळत नाही घातले? माझी तब्येत कोणी विचारत नाही.

या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी कंडक्टरचा मेसेज आला. बैलांना देतात तेच पिढीजात आवतन: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. खाली लिहिलं होतं, हे बैलासाठी आहे. सोबत कोणी आलं तं त्यालेही वाढू.