मुका केलेला गजर

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला घरात सगळे चिमणी म्हणतात. शाळेत गणितात ती कशीबशी काठावर पास होई. पुढे एका दुकानात बिले करताना तिला संगणकाची गोडी लागली आणि ग्रंथालयातल्या जुनाट यंत्रावर बसून तिने एकामागून एक प्रोग्रामिंगच्या भाषा आत्मसात केल्या. तिचे वडील म्हणत, माणसांशी एका भाषेत धड बोलत नाही आणि यंत्रासाठी चार शिकली.

इस्पितळांसाठी पंप बनवणाऱ्या कंपनीत तिला नोकरी लागली. हा पंप रोग्याच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडतो. नळी तुंबली की गजर वाजतो. तो प्रोग्राम चिमणीचा. चाचणी घेताना गजर सारखा केकाटायचा आणि शेजारचे वैतागायचे, "तुझं बाळ गप्प कर गं!" म्हणून ती एक ओळ घालून गजर मुका करी आणि काम पुढे पाठवण्याआधी ती ओळ काढून टाकी. त्या खोलीत सगळेच असे करत.

परवा रविवारी ती माझ्याकडे जेवायला आली होती. हात धुऊन सहज आपला कामाचा संगणक उघडून बसली आणि बोलता बोलता एका ओळीशी थबकली. गेल्या महिन्यात इस्पितळांत पोचलेल्या प्रोग्राममध्ये ती ओळ तशीच राहिली होती.

तिने साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, उद्या बघू, कुठूनही तक्रार नाही.

"सर, तक्रार येणार कशी? तो वाजतच नाहीये."

 यावर त्यांनी बजावले, की परस्पर कुणाला कळवलेस तर उद्यापासून येऊ नकोस.

चिमणीने फोन ठेवला. तिचा फोन पुन्हा वाजू लागला, साहेबच होते. तो तिने उशीखाली सारला.

"मावशी, तुझा फोन दे."

तिने सर्वांत मोठ्या इस्पितळाचा अतिदक्षता विभाग मागितला. तिथल्या सिस्टर अगदी निवांत होत्या. म्हणाल्या, सगळं छान आहे, आज दिवसभर एकही पंप वाजला नाही.

"सिस्टर, म्हणूनच म्हणते. प्रत्येकाची नळी स्वतः बघून या. मी फोन धरते."

सिस्टरांनी रिसीव्हर टेबलावर ठेवला. त्यांची सावकाश पावले आम्हा दोघींना ऐकू येत होती. ती एकदा थांबली, पुढे गेली, पुन्हा थांबली.

मग त्या धावू लागल्या.