पहाटे चार चाळीसची फाइल

माणसावर संशय घ्यायला मला फारसं काही लागत नाही. वराळ्यातल्या आमच्या दुकानात तर एक कॉम्प्युटर पुरला.

दुकान दोघांचं. सकाळी दहा ते दोन चाचा बसायचे. भाडेकरार, ऑनलाइन अर्ज, सातबारा असली कामं त्यांची. दोननंतर मी, लग्नाचे अल्बम घेऊन. चाचा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, त्यांचं मुसलमान घराणं पिढ्यान्‌पिढ्या याच गावचं, आणि मला ते भाऊ म्हणायचे. कॉम्प्युटर एकच, पण त्यात सिस्टिम दोन. चाचांच्या अर्जांना आणि अंगठ्याच्या मशीनला विंडोज लागायचं; मी कुठंतरी वाचून हट्टानं लिनक्स टाकून घेतलं होतं. चालू करताना पडद्यावर विचारणा व्हायची, कुठल्या बाजूला जायचं. चुली दोन, पण नऊ वर्षांत भांडण नाही.

एके दुपारी माझ्या बाजूनं प्रिंटर चालेना, म्हणून मी चाचांच्या बाजूला शिरलो. तिथं त्यांचा आदल्या दिवशीचा एक भाडेकरार दिसला. फाइल सेव्ह केल्याची वेळ: पहाटे चार वाजून चाळीस मिनिटं.

दुकान उघडतं दहाला. मग पहाटे चार चाळीसला चाचा इथं काय करत होते?

दुकानासमोर भाजी विकणाऱ्या मावशींना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, चाचा हल्ली पहाटेच येतात काय हो?"

"पाटंचं? मी सातला पाटी मांडती तवा शटर बंद आसतंय. तुमाला सपान पडलं काय?"

एवढ्या ठामपणे नाही म्हणाल्या, म्हणजे मावशीही सामील. चाचा रोज त्यांच्याकडूनच कोथिंबीर घेतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तळेगावात नवा फोटो स्टुडिओ निघाला होता आणि माझी दोन गिऱ्हाइकं तिकडं गेली होती. सगळं जुळत होतं. चाचा पहाटे येऊन माझे अल्बम तिकडं पोचवत असणार. मी त्याच संध्याकाळी कॉम्प्युटर उघडला, अल्बम ज्या दुसऱ्या हार्ड डिस्कवर होते ती काढली आणि घरी नेऊन जुन्या मिक्सरच्या खोक्यात लपवली. रोज दुपारी पिशवीतून आणायची, बाहेरून वायरनं जोडायची, जाताना परत न्यायची. जोडायचीही कॉम्प्युटर पूर्ण चालू झाल्यावरच. उगाच आधीपासून मशीनला तिचा सुगावा नको, एवढी माझी हुशारी.

दुसऱ्याच दिवसापासून माझी बाजू चालू व्हायला वेळ लागू लागला. आधी अर्धं मिनिट लागायचं, आता दोन. सुरुवातीला दिसावा म्हणून मी हौसेनं लावलेला बेडसे लेण्याचा फोटो पडद्यावर येऊन बसायचा आणि हलायचाच नाही. मी पंखा ब्रशनं झाडला. रॅमची पट्टी काढून खोडरबरानं घासली. आपोआप चालू होणारे प्रोग्राम एकेक करून बंद केले. मोबाइलवर वेळ लावून पाहिली. दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं.

"चाचा, तुमची बाजू किती वेळात चालू होते?"

"पंधरा मोजूस्तवर."

"माझी दोन मिनिटं घेते."

"मंग तुमीबी या की आमच्या बाजूला!" म्हणून ते हसले.

त्या हसण्यातच मला पुरावा सापडला. डिस्क हलवल्याचं यांना कळलंय, आणि आता राग म्हणून हे माझी बाजू आतून पोखरतायत.

आठवडाभर दम धरला. शनिवारी दोन वाजता चाचा उठायला लागले तसा मी दारात उभा राहिलो. "चाचा, यापुढं आपलं जमायचं नाही. तुम्ही दुसरीकडं बसायचं बघा."

त्यांनी चष्मा काढला. "का बरं?"

मी सगळं बाहेर काढलं. चार चाळीस, स्टुडिओ, दोन मिनिटं. चाचांनी खिशातून शटरची किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्यांचं घर त्या चार तासांवर चालायचं. मला ते ठाऊक होतं, तरी मी किल्लीकडेच बघत राहिलो.

"जातो," ते म्हणाले. "पन आदी ती दोन मिन्टं मला दावा."

मी कॉम्प्युटर पुन्हा चालू करून माझी बाजू निवडली. लेणं आलं आणि बसलं. चाचांनी पुढं वाकून एस्केपचं बटण दाबलं.

"अहो, काय करताय?"

"आमच्याकडं काय अडलं का मी ह्येच दाबतो."

लेणं गेलं. त्याच्यामागं इंग्रजी ओळी होत्या, आणि शेवटच्या ओळीत सेकंद चढत होते. बेचाळीस, त्रेचाळीस. दीड मिनिटापर्यंत मोजणार, असंही तिथंच लिहिलेलं.

"ह्ये कुनाची तरी वाट बगतंय, भाऊ. कुनाची?"

मी ओळ वाचली आणि माझी कानशिलं तापली. दुसऱ्या डिस्कची. वर्षापूर्वी मीच तिच्या एका कोपऱ्यात लिनक्ससाठी राखीव जागा केली होती, आणि चालू होताना आधी ती जागा शोध, असं मीच लिहून ठेवलं होतं. बिचारं दीड मिनिट शोधायचं आणि नाद सोडून पुढं जायचं.

"दुसऱ्या डिस्कची," मी म्हणालो.

"मंग ती कुटं हाय?"

"आत्ता पिशवीत आहे. एरवी घरी... मिक्सरच्या खोक्यात."

चाचांनी मान हलवली. मग म्हणाले, "आन तुमच्या चार चाळीसचं आसं हाय. तुमी बसून गेला का दुसऱ्या दिशी माजं घड्याळ साडेपाच तास मागं आसतंय. मी रोज सकाळी फुडं करतो. त्या दिशी इसरलो आसंन."

दहा वाजून दहा मिनिटं. त्यातून साडेपाच तास गेले की चार चाळीस. दोन्ही सिस्टिम मशीनमधलं एकच घड्याळ आपापल्या रीतीनं ठेवतात: त्यांची भारताच्या वेळेवर, माझी ग्रीनिचच्या, म्हणजे साडेपाच तास मागं. त्यांचा मेळ घालणारी एक ओळ लिहायची माझ्याकडून राहून गेली होती.

"किती दिवस पुढं करताय?"

"तुमी त्ये नवं टाकल्यापासनं. चार वर्सं. मला वाटलं, भाऊ मुद्दाम करत्यात. बोललो न्हाई."

आणि ती तळेगावला गेलेली दोन गिऱ्हाइकं? त्यांचे अल्बम मी लग्नानंतर सात महिन्यांनी दिले होते.

डिस्क आत बसवली. माझी बाजू अर्ध्या मिनिटात उघडली. मी किल्ली त्यांच्याकडं सरकवली. "चाचा, चुकलं माझं. घ्या."

त्यांनी हात लावला नाही. "आदी माजं घड्याळ नीट करा."

मी ती ओळ लिहिली. चाचांनी आपली बाजू चालू केली, पडद्यावरची वेळ बघितली, मनगटावरची बघितली. तेवढ्यानं भागलं नाही. दारात जाऊन हाक मारली, "मावशी, किती वाजलं?"

"पावनेतीन!"

तेव्हा कुठं त्यांनी किल्ली उचलली.