भाव नावाचा आरोपी

नोव्हेंबर २००९, बुधवार, सकाळ. पोलीस ठाण्यात हजर: मी, ठाणे अंमलदार म्हणून बसलेले आमचे मालवणी हवालदार, तारकर्लीचा मासेविक्रेता, त्याची बायको, वालावलचे एक बागायतदार. आवारात एक काळी मोटरसायकल आणि बांगडा माशांनी भरलेली पाटी.

नोकरीत याहून मोठी प्रकरणं हाताळली, ती विसरलो. या प्रकरणात मात्र मी जेवढा गोंधळलो, तेवढा पुन्हा कधी नाही.

सुरुवात फोनने झाली. वालावलहून कोणीतरी कळवलं, "एक गाडी दोघांनी धरल्यानी हा, मारामारी होतली." आमच्या माणसांनी तिघांना गाडीसकट आणलं. किल्ली मासेविक्रेत्याच्या बायकोने कमरेला खोचली होती आणि ती काढायला तयार नव्हती.

तिचं म्हणणं सरळ होतं. एसटीत माशांची पाटी चढवू देत नाहीत. आतल्या गावांत मासे वेळेवर पोचवायचे तर गाडी हवी. गळ्यातली साखळी मोडून गाडीचे पैसे भरले, आता गाडी आमची. बागायतदार म्हणत होते, "माका एक पैसो मिळाक नाय. गाडी फुकट देव?"

दोघांचे जबाब वेगवेगळे घेतले.

बागायतदारांनी मालवणातल्या सायबर कॅफेतून इंटरनेटवर गाडीची जाहिरात टाकली होती. एकाचा फोन आला, भाषा शुद्ध. गाडी घेतो म्हणाला, बघायला माझा माणूस येईल म्हणाला. मासेविक्रेत्याने त्याच गाडीची दुसरीच जाहिरात पाहिली, फोटो तोच, किंमत कमी. त्यातल्या नंबरावर तोच शुद्ध आवाज. गाडी वालावलला नातेवाइकाकडे ठेवली आहे, बघून या, पसंत पडली तर खात्यात पैसे भरा. याने गाडी पाहिली, पैसे भरले आणि दुसऱ्या दिवशी गाडी न्यायला गेला.

मी विचारलं, "गाडी बघायला गेलास तेव्हा पैशांचं बोलला का नाहीस?"

तो खाली बघत म्हणाला, "फोनवाल्यान सांगल्यान, थंय भावाचा काय बोला नको."

बागायतदारांनाही तेच विचारलं. ते चपापले. "माकाय तेना तसाच सांगल्यान. भावाचा बोला नको."

हवालदार माझ्या कानाशी आले. "साहेब, यात भाऊ आहे. दोघंही लपवतायत."

मलाही पटलं. चौकशी केली तर बागायतदारांना खरोखरच एक भाऊ निघाला, कुडाळला राहणारा. काजूच्या बागेवरून दोघांचं बोलणं बंद. आमच्या दृष्टीने सगळं जुळलं. जीप पाठवून भावाला आणवलं.

भाऊ आला तो तणतणत. "मोटरसायकल? अहो, माका सायकलय चलवूक येना नाय!" मग बागायतदारांकडे बघून, "काजी खाल्लंस, आता माका तुरुंगात घालतंस?"

"मी तुझा नावसुद्धा घेवक नाय!"

"मगे ह्ये कित्याक माका घेवन इले?"

मी मासेविक्रेत्याकडे वळलो. मासेविक्रेत्याला भाऊच नाही, तो एकुलता एक. मग कोणाचा भाऊ? मी बाहेर आवारात गेलो. तिथे ती बाई पाटीवर ओलं गोणपाट टाकत होती. माल खराब होत चालला होता, आणि तिचा राग माझ्यावर होता. वातावरण जरा निवावं म्हणून विचारलं, "काय गं, बांगड्याचा भाव काय?"

ती ताडकन उठली. "आता माजो भाव कित्याक व्हयो तुमका? तो मुंबैक आसा! तेका ह्यात घालू नकात!"

मी घाटावरचा माणूस. आमच्याकडे भाव म्हणजे दर. मालवणीत भाव म्हणजे भाऊ. फोनवरचा माणूस शुद्ध मराठी बोलत होता.

आत जाऊन मी त्या फोनवाल्यासारखं शुद्ध मराठीत म्हटलं, "तिथे भावाचं काही बोलू नका. म्हणजे काय? किंमत बोलू नका!"

 मग मासेविक्रेता हळूच म्हणाला, "माका वाटला, ह्यांचा भावाशी वाकडा आसा, कित्याक विषय काढा." बागायतदार म्हणाले, "आणि माका वाटला, माझ्या भावाचा ह्येका कळला कसा?" तो भाऊ तेवढ्यात म्हणाला, "बरा झाला. निदान नाव तरी घेतलंस."

ठग मालवणात कधी आलाही नसेल. त्याला फक्त एवढंच हवं होतं की समोरासमोर उभ्या असलेल्या दोन सरळ माणसांनी किंमत बोलू नये. आमच्या बोलीने त्याचं काम आणखी सोपं केलं.

गुन्हा दाखल केला. खातं एका परप्रांतीय मजुराच्या कागदांवर उघडलेलं, पत्ता खोटा, मोबाइल बंद. गाडी कायद्याने बागायतदारांची, म्हणून त्यांच्या ताब्यात दिली. बाईने किल्ली कमरेतून काढून टेबलावर ठेवली आणि पाटी उचलली. बागायतदारांनी किल्लीकडे पाहिलं, उचलली नाही. "सायबानू, ह्येंका हयच बसवा. आता समोरासमोर काय ता ठरवूया." गाडी मासेविक्रेत्याने वापरायची, जमेल तसे पैसे बागायतदारांना द्यायचे, आणि पुरे झाल्यावर गाडी त्याच्या नावावर, असं ठरलं. मी म्हटलं, "ठरला ना भाव?" बाई म्हणाली, "दर म्हणा, सायब."

जुनी गाडी घेणाऱ्यांना तेव्हापासून मी एकच सांगतो. गाडीच्या पुस्तकात ज्याचं नाव, त्याच्याशीच, त्याच्या तोंडावर किंमत बोला आणि पैसे त्याच्याच हातात द्या. "तिकडे हे बोलू नका" असं जो सांगेल, तोच तुमचा चोर.

त्या गुन्ह्याची फाइल 'खरा, पण तपास न लागलेला' म्हणून बंद झाली. निवृत्तीनंतर मी इथेच राहिलो. बुधवारी ती दोघं त्याच काळ्या गाडीवरून आमच्या वाडीत येतात. मी बांगड्याचा दर विचारतो. ती सांगते, पिशवी भरते, आणि पिशवी हातात देताना न चुकता विचारते,

"सायब, तो भाव गावलो?"

"नाय गो. अजून नाय."