दोन फेऱ्यांचं सूत

आमचा दादा म्हणजे एक नंबरचा हट्टी माणूस. सख्खा थोरला भाऊ आहे म्हणून, परका असता तर कधीच नाद सोडला असता.

सूत रंगवायच्या कारखान्यात तो सव्वीस वर्षं वाळवण खात्यात आहे. मी तिथलाच वायरमन. सूत गुंडाळलेल्या ओल्या बॉबिनी गरम हवेच्या भट्टीत ठेवायच्या, तासातासाला आत शिरून एकेक गालाला लावून पाहायची, हे त्याचं काम. दादाचा गाल 'वाळलं' म्हणाला की वाळलं, तिथे मालकांचंही चालत नाही. पण त्या हवेने छातीचं पार वाटोळं झालं. डॉक्टरांनी बजावलं, आता भट्टीत पाऊल टाकायचं नाही. काम जाईल म्हणून दादाने मालकांना पत्ताच लागू दिला नाही.

अशात रेडिओ लहरींनी सूत वाळवणारं मशीन महिनाभर चाचणीला आलं. मला कोण आनंद! भट्टी आधी भिंती तापवते, बॉबिनींच्या गाड्या तापवते, मग उरलंसुरलं सुताला. हे मशीन थेट सुतातल्या पाण्यालाच तापवतं. दादाने फक्त बाहेर उभं राहून सरकत्या पट्ट्यावर बॉबिनी ठेवायच्या. मालकांची अट एकच: किलोमागे वीज भट्टीपेक्षा कमी लागली तर मशीन राहील, नाहीतर परत.

पहिल्याच दिवशी दादाने बाहेर आलेली बॉबिन गालाला लावली. "ओलं आहे रे." आणि पुन्हा पट्ट्यावर!

"अरे दादा, ती वाफ आहे. अर्धा तास थांब, उडून जाईल."

"तू तारा जोड. सूत मला शिकवू नकोस."

घ्या! रोज हेच. मी ओरडायचो, तो दुप्पट ओरडायचा, आणि बॉबिनी दोन-दोन फेऱ्या मारायच्या. मीटर बघून माझं डोकं फिरायचं. मालकांना सांगावं तर सख्ख्या भावाची चुगली, गप्प बसावं तर मशीन परत जाणार, आणि भट्टीत पुन्हा त्याचीच छाती.

शेवटच्या आठवड्यात मी वजनकाटाच उचलून आणला. एका फेरीची बॉबिन अर्ध्या तासाने वाळल्या सुताच्या बरोबर वजनावर. दोन फेऱ्यांची हलकी. पण दुसऱ्या दिवशी तीही तेवढीच भरली. एवढी वीज जाळून दादाने काढलेलं पाणी सुताने हवेतून परत घेतलं होतं. दादाने ती बॉबिन गालाला लावली आणि परत काट्यावर ठेवली. भांडला असता तर बरं वाटलं असतं मला.

महिना संपला. वीज भट्टीइतकीच. मालक 'घेऊन जा' म्हणणार, तोच दादा पुढे झाला.

"मशीनचा दोष नाही. मी सगळा माल दोनदा फिरवला."

मी वजनांचा कागद पुढे केला. मालकांनी तो वाचला, आणि दादाकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. "मशीन राहू दे. पण त्याच्यावर दुसरा माणूस. जाडं सूत अजून भट्टीतच वाळवायचंय, तिथे तू जा."

"मालक, त्याची छाती..." मी तोंड उघडलं. दादाने माझा दंड असा दाबला की पुढचं आतच राहिलं.

भट्टीच्या दाराशी मी त्याला गाठलं. "डॉक्टर काय म्हणालेत, विसरलास?"

"नाही रे," तो म्हणाला. "घरी सांगू नकोस." आणि आत गेला.